वीतभर नळी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूच्या गुडगुडीवर चिडला. गुरूवर चिडण्याची सोय नसते, म्हणून गुडगुडीवर.

गुरू म्हणजे कोणी जटाधारी साधू नव्हे. घाटाच्या पायथ्याशी एक व्यापारी पेठ होती, पेठेच्या तोंडाशी धर्मशाळा होती आणि धर्मशाळेच्या ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ बसत असत. लहानथोर सगळे त्यांना बाबा म्हणत. आसपासच्या गावांतली माणसे आपापली भांडणे घेऊन त्यांच्याकडे येत. बांधाची, पन्हळीची, भागीदारीची, भाऊबंदकीची. बाबा कोणालाही उपदेश करीत नसत. त्यांची एक रीत ठरलेली होती. चिलीम भरायची आणि भांडणाऱ्यांपैकी एकाच्या हातात आपली नारळाची गुडगुडी द्यायची. नारळ बुडाशी गोल, तो जमिनीवर उभा राहत नाही. कोणीतरी तो दोन्ही हातांनी धरावाच लागतो. एकाने धरायची, दुसऱ्याने ओढायची आणि मग हात बदलायचे. ज्याच्याशी भांडण, त्यानेच धरायची, हा बाबांचा दंडक होता. चिलीम विझायच्या आत दोघांपैकी कोणीतरी काहीतरी बोलून जाई, दुसरा त्याला उत्तर देई आणि भांडण निम्म्यावर येई.

रीतीबद्दल शिष्याची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती गुडगुडीच्या नळीबद्दल. नारळातून धूर ओढून घ्यायची ती नळी म्हणजे वेळूचे एक वीतभर कांडे होते. धुराने काळेकुट्ट झालेले, टोकाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या दातांच्या खुणा, मध्ये चीर गेलेली म्हणून चिंधी गुंडाळून वर दोरा आवळलेला. त्या चिंधीचा मूळ रंग कोणता, हे आता बाबांनाही सांगता आले नसते. पेठेतले मोठमोठे सावकार, पाटील, देशमुख येऊन त्या कांड्याला तोंड लावीत, तेव्हा शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे होई.

त्यातच एकदा तंबाखूचा एक व्यापारी आला. बाबांवर त्याची श्रद्धा होती, आणि श्रद्धा असली की माणूस जरा जास्तच बोलतो. तो म्हणाला, "बाबा, माझ्या दुकानातला पहिल्या प्रतीचा तंबाखू तुम्हाला देतो मी. आणि तुम्ही तो या काटकीतून ओढता? तुमच्या योग्यतेला शोभतं का हे?"

"धूर येतो की," बाबा म्हणाले.

संपले. एवढेच. शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. याची सबब देता आली असती, व्यापाऱ्याला चार शब्द सुनावता आले असते, निदान नवी नळी आणायला सांगता आले असते. पण ज्ञानी माणसांची ही खोड जुनीच आहे. जिथे बोलायचे तिथे ती बोलत नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याचा अर्थ लावता लावता शिष्यांचे केस पिकतात.

आता या शिष्याची हकिकत सांगायला हवी, कारण नळीचा राग हा काही नुसता नळीचा राग नव्हता.

त्याचे नाव खेमाजी. घराणे कातारी. लाकूड खरादावर चढवायचे, ते गरगर फिरवायचे आणि पटाशीने त्याला गोल आकार द्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर, पलंगाचे पाय असले सगळे कातीव काम. खरादाला दोन माणसे लागतात. एकजण दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरते ठेवतो आणि दुसरा पटाशी धरतो. दोरी ओढणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि नाव पटाशीवाल्याचे होते. खेमाजीच्या घरी पटाशी होती थोरल्या भावाकडे, रतनोजीकडे. दोरी खेमाजीकडे.

मिसरूड फुटायच्या आधीपासून खेमाजीने दोरी ओढली. मधूनच पटाशी मागितली की दादा म्हणे, "तू डावरा. उलट्या हातानं काम बिघडंल." घरातल्या घरात होते तोवर खेमाजीने हे गिळले. एकदा मात्र भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, दादा हसत हसत म्हणाला, "याचा हात उलटा हाय, याला दोरीच बरी." गिऱ्हाइके हसली. खेमाजीने दोरी तिथल्या तिथे खाली टाकली, पायात वहाणाही न घालता निघाला, तो बाबांच्या ओसरीवर येऊन थांबला.

तेवढ्यावरच राहिले असते तर राग कधी ना कधी ओसरला असता. ओसरलाही होता. पुढल्या दिवाळीच्या आधी खेमाजी आठवड्याच्या बाजारात गेला आणि दादाच्या पालासमोर जाऊन उभा राहिला. दादा एकटाच बसला होता. खेमाजीने मनाशी ठरवले होते, दादा नुसता "आलास का" म्हणाला तरी पाया पडायचे. दादाने मान वर केली, त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिले, आणि काही न बोलता शेजारी आलेल्या एका बाईला लाटणी दाखवायला घेतली. खेमाजी थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि परत फिरला. त्या दिवसापासून भावाचे नाव त्याने तोंडातून काढले नाही. सख्खा भाऊ तोंडाकडे बघतो आणि ओळख देत नाही, हे दुखणे कोणाला सांगणार?

तर असा हा डावखुरा, दुखावलेला शिष्य. व्यापारी नळीला हसून गेला आणि खेमाजीने मनाशी गाठ मारली. पेठेत एका सुताराकडे खराद होता. त्याच्याकडून तो सकाळच्या वेळी मागून घेतला, दोरी ओढायला सुताराच्याच एका गड्याला बसवला, आणि जन्मात पहिल्यांदा पटाशी स्वतःच्या हातात घेतली. डाव्या हातात.

नळी केली ती चांगली अडीच हात लांब. शिसवीची, एकसंध. एवढ्या लांब लाकडात आरपार भोक पाडणे म्हणजे जिवाशी खेळ असतो. तापलेली सळई एका टोकाकडून घालायची, मग दुसऱ्या टोकाकडून, आणि दोन्ही भोके आत मधोमध एकमेकांना मिळायला हवीत. केसभर चुकली की लाकूड फुटले, सगळी मेहनत मातीत. खेमाजीने बरीच लाकडे फोडली. सुतार कावला, गडी कंटाळला. पण शेवटी एक साधले. मग त्यावर लाल, हिरव्या, पिवळ्या लाखेची वलये चढवली, तोंडाशी शिंगाची बोंडी बसवली आणि बोंडीखाली चांदीचे एक नाजूक कडे. नळी अशी देखणी झाली की सुतार स्वतःचे दुकान सोडून ती पाहायला उभा राहिला.

खेमाजीने ती नेऊन बाबांच्या पुढे ठेवली. बाबांनी ती उचलली, फिरवून पाहिली.

"तू केलीस?"

"होय."

"छान आहे. किती लांब आहे?"

"अडीच हात, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. आणखी काही नाही. त्यांनी जुने कांडे उपसून काढले, नवी नळी नारळात बसवली आणि ओढू लागले. खेमाजीने इतके महिने या क्षणाची वाट पाहिली होती आणि त्याच्या पदरात पडला एक हुंकार. काही माणसांची स्तुती मिळवण्यापेक्षा दगडातून पाणी काढणे सोपे.

पेठेने मात्र मनसोक्त कौतुक केले. तंबाखूचा व्यापारी तर मुद्दाम माणसे घेऊन आला. "आता कशी शोभते!" असे दहा जणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. आलेली माणसे ओसरीच्या खांबाला ऐसपैस टेकून, नळी बोटात धरून, डोळे अर्धे मिटून झुरके घेऊ लागली. खेमाजी हे बघून सुखावे आणि चिलीम भरून देई.

फक्त चिलमी जरा जास्तच भराव्या लागू लागल्या. पूर्वी एका चिलमीत निकालात निघणारी भांडणे आता आवरेनात. एका घराच्या पन्हळीचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडते, एवढ्याशा गोष्टीवरून दोन शेजारी आले. एक या खांबाला टेकला, दुसरा त्या खांबाला. मध्ये नारळ आणि अडीच हात नळी. धरणारा तोंड फिरवून रस्त्याकडे बघे, ओढणारा आढ्याकडे बघून बोले. दिवेलागण झाली तरी पन्हळ होती तिथेच होती. शेवटी दोघे आपापल्या वाटेने घरी गेले. त्यांच्यामागून आलेल्यांचेही तेच झाले. चिलमी भरून भरून खेमाजीचे हात राखेने काळे झाले. त्याला वाटले, हल्ली माणसेच भांडकुदळ झाली आहेत, काळच वाईट आला आहे. माणूस स्वतःच्या हाताने काही बिघडवतो तेव्हा काळाला जबाबदार धरण्याची त्याला भारी हौस असते. बाबा सगळे पाहत होते, गुडगुडी ओढत होते आणि तोंडातून ब्र काढत नव्हते.

मग एके सकाळी बाबा म्हणाले, "खेमा, तुझ्या भावाला मी निरोप धाडला होता. आज येतोय."

खेमाजीने हातातली चिलीम खाली ठेवली. "कशाला बोलावलंत? मी काही म्हटलं होतं का?"

"तू काहीच म्हणत नाहीस, म्हणूनच. तो खराद मोडीत काढतोय, असं कानावर आलं. घर बंद करून बायकोच्या माहेरी जाणार म्हणे. एकदा गेला की मग कुठला तू आणि कुठला तो." आणि उठता उठता म्हणाले, "आणि हे बघ, सुताराकडून एक बारीक दातांची करवत आणून ठेव."

"करवत कशाला?"

"लागेल."

हे असे. भावाचा एवढा मोठा विषय काढायचा आणि त्याला करवतीचे शेपूट जोडायचे. खेमाजी धुसफुसत गेला, करवत आणली आणि ओसरीवर आपटली. पण मन करवतीवर नव्हते. बापाच्या हातचा खराद मोडणार. दादा जाणार. आणि जाण्याआधी तो इथे येणार, या ओसरीवर, या नळीसमोर. खेमाजीने नळी तेलाच्या बोळ्याने पुसून लखलखीत केली. पाहू दे त्याला, तो मनात म्हणाला. उलट्या हाताचे काम पाहू दे एकदा डोळे भरून. एक शब्द जरी बोलला तरी पुरे.

दुपार कलताना ती दोघे आली. वहिनी पुढे आणि दादा मागे, एका हातात काठी आणि दुसऱ्यात वहिनीच्या बोचक्याचे टोक धरून. खेमाजीने नाक मुरडले. एकेकाळी सगळ्यांच्या पुढे ताडताड चालणारा माणूस आता बायकोच्या मागून येतोय. ओसरीच्या पायरीला दादा ठेचकाळला, तेव्हा वहिनीने चटकन दंड धरला. प्यायलाय की काय, असेही खेमाजीच्या मनात येऊन गेले. रागावलेल्या माणसाला सगळे दिसते, फक्त अर्थ तेवढा उलटा लागतो.

बाबांनी बसायला सांगितले. दादा डावीकडच्या खांबाला टेकला, खेमाजी उजवीकडच्या. वहिनी जोत्याच्या कडेला बसली. तंबाखूचा व्यापारीही नेमका तिथे होता, आणि भांडण पाहायला मिळणार म्हटल्यावर तो हलणार नव्हता. चिलीम भरली गेली. नारळ खेमाजीच्या हातात आला आणि लांबच लांब नळीचे टोक दादाच्या हाती.

खेमाजीचा जीव त्या टोकावर खिळला. दादाने शिंगाची बोंडी ओठाला लावली, एक झुरका घेतला आणि समोर कुठेतरी पाहत राहिला. लाखेच्या वलयांकडे नाही, चांदीच्या कड्याकडे नाही. नळीकडे त्याने ढुंकूनसुद्धा पाहिले नाही.

"रतनोजी," बाबा म्हणाले, "काही बोला."

"काय बोलायचं? त्यो घर सोडून गेला. मी न्हाई घालवला." दादा समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखा बोलला.

"त्यांना सांगा बाबा," खेमाजी रस्त्याकडे बघत म्हणाला, "की मी बाजारात त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो होतो. त्यांनी तोंडाकडे बघून मान फिरवली."

"खोटं हाय!" दादा एकदम म्हणाला. "माझ्याकडं कोण कवा आलं? उगं बालंट घेऊ नका म्हनावं."

"आता खोटारडाही ठरलो मी!"

"भावजी..." वहिनीने तोंड उघडले. "तू गप," दादा तिच्यावर खेकसला, आणि ती पदर तोंडाला लावून गप्प झाली.

मग जुने सगळे निघाले. दोरी निघाली, पटाशी निघाली, गिऱ्हाइकांचे हसणे निघाले. दोघांचेही आवाज चढले आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. शेवटी दादाने नळीचे टोक टाकून दिले आणि चाचपडत आपली काठी शोधू लागला. "ऊठ गं," तो म्हणाला, "उगाच इतकी पायपीट झाली. चल."

खेमाजीला वाटले, बाबा आता तरी त्याला थांबवतील. बाबांनी काय करावे? त्यांनी हात लांब करून करवत उचलली. खेमाजीच्या हातातून नारळ घेतला, नळी पायरीच्या कडेवर टेकवली, वरून टाचेने दाबली आणि नारळापासून वीतभर अंतरावर करवत चालवायला सुरुवात केली.

"अहो बाबा!" व्यापारी ओरडला.

लाल, हिरव्या, पिवळ्या लाखेच्या कपच्या उडून ओसरीभर पडल्या. शिसवीचा काळा भुसा बाबांच्या धोतरावर साचला. मग कट्‌ असा आवाज झाला आणि शिंगाची बोंडी, चांदीचे कडे, सगळी मिरवायची बाजू पायरीवरून गडगडत खाली अंगणात गेली.

"काय केलंत हे!" खेमाजीचा बांध फुटला. "आवडली नव्हती तर त्याच दिवशी का नाही सांगितलंत? इतके दिवस ओढलीत त्यातून! किती लाकडं फोडली मी त्यापायी! आणि आज, यांच्यासमोर... तुम्हाला काय म्हणावं बाबा, तुमच्यापुढे डोकं आपटून घ्यावं असं झालंय मला!"

"नंतर आपट," बाबा म्हणाले. त्यांनी कापलेले टोक धोतराच्या सोग्याने घासून गुळगुळीत केले आणि नारळ पुन्हा त्याच्या हातात दिला. "आधी हे धर. रतनोजी, चिलीम अजून विझलेली नाही. भरल्या चिलमीवरून उठून जाऊ नये. एक झुरका घ्या आणि जा."

भरल्या चिलमीवरून उठणे हा त्या भागात यजमानाचा अपमान मानत. दादा नाइलाजाने परत बसला. पण आता खांबाला टेकून चालणार नव्हते. नळी वीतभर. दादाला सरकून पुढे यावे लागले आणि खेमाजीलाही. गुडघ्याला गुडघा लागला. दादाने नळीचे तोंड शोधण्यासाठी हात पुढे केला, तो नळीवर न जाता आधी खेमाजीच्या मनगटावर पडला, मग नारळावर, मग नळीवर. मग त्याने मान वाकवली आणि खेमाजीला इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आपल्या भावाचा चेहरा समोर, अगदी श्वास लागेल इतक्या जवळ दिसला.

दाढीचे खुंट पांढरे झाले होते. गाल बसले होते. आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांवर साय धरल्यासारखा पांढरट पडदा होता.

खेमाजी आणखी पुढे वाकला. नारळातले पाणी हिंदकळले.

"दादा," तो म्हणाला. घर सोडल्यापासून हा शब्द त्याने उच्चारला नव्हता. "दादा, तुझे डोळे!"

दादा दचकला. मागे सरायला निघाला, पण नळी तोंडात होती आणि खेमाजीचा गुडघा त्याच्या गुडघ्याला भिडलेला होता. जाणार कुठे?

"कवापासनं?" खेमाजीने विचारले.

वहिनीला आता राहवेना. ती रडत रडत म्हणाली, "तुम्ही गेलात त्याच सालापासनं, भावजी. आधी धुकं, मग धूर, आता तर नुसता उजेड-अंधार कळतो. कुनाला न बोलायची शपथ घातली मला. कातारी आंधळा झाला म्हटल्यावर काम कोन दील, म्हनत्यात."

"म्हणजे त्या बाजारात..."

"कुनीतरी पुढ्यात उभं हाय, एवढं दिसलं असंल मला," दादा हळूच म्हणाला. "गिऱ्हाईक वाटलं असंल. बोललं न्हाई, म्हटलं नुसतं बघायला आलंय." आणि मग एकदम त्याचा आवाज चिडला, लहानपणी खेमाजीवर चिडायचा तसाच. "पन तुला काय झालं होतं रं? तोंडात जीभ नव्हती? एक शबूद बोलला असतास तर आवाजावरनं वळखलं नसतं का मी?"

"तू आधी बोलशील म्हणून मी..." खेमाजी म्हणाला.

दादाने नळी तोंडातून काढली. पण हातातून सोडली नाही. त्याची बोटे तिच्यावरून सावकाश फिरू लागली. वलयांवरून, खाचांवरून, कापलेल्या टोकावरून. एका खाचेपाशी अंगठा थांबला, पुन्हा मागे गेला, पुन्हा त्याच खाचेवर आला.

"ही तू कातलीस," तो म्हणाला.

"कशावरून?"

"खाचंची कड उलट्या अंगाला कललीया. डावऱ्याची पटाशी अशीच जाती." त्याने टोकाला करंगळी लावून भोक चाचपले. "सळई दोन्हीकडनं घातलीस?"

"होय."

"मधी खांदा ऱ्हायला का, दोन भोकं मिळत्यात तिथं?"

"नाही राहिला. बरोबर मिळालं."

दादाने करंगळी पुन्हा भोकात घालून पाहिली. "मला एवढ्या लांबीत कवाच मिळालं न्हाई," तो म्हणाला. "मी दोन तुकड्यांचा सांधा घालायचो आनि वरनं लाख लावून लपवायचो." खेमाजी ज्या शब्दासाठी इतके दिवस झुरला होता तो हाच होता. आणि तो ऐकताना त्याला रडू आवरेना.

व्यापाऱ्यालाही गहिवरून आले, पण त्याचा स्वभाव तो स्वभाव. डोळे पुसत तो म्हणाला, "सगळं ठीक झालं बाबा, पण एवढ्यासाठी इतकी सुंदर वस्तू कापायची काय गरज होती? दोघांना जवळ बसा म्हणून नुसतं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"नसतं चाललं," बाबा म्हणाले. "रागावलेल्या माणसाला जवळ ये म्हटलं की तो आणखी चार हात लांब जातो. झुरका घे म्हटलं की आपोआप पुढे येतो. मी या ओसरीवर बसायला लागलो तेव्हा माझ्याकडेही एक लांबलचक नळी होती. माणसं ऐटीत टेकायची, ऐटीत ओढायची आणि तितक्याच ऐटीत भांडायची. एकदा तिला चीर गेली. चिरलेला भाग मी कापून टाकला, तर उरली वीतभरच. त्या दिवशी आलेले दोघे नाइलाजानं एकमेकांच्या तोंडाशी आले. एकाला दुसऱ्याच्या कपाळावरची जखम दिसली. त्यानं विचारलं, हे काय लागलं रे? भांडण तिथंच मिटलं. मला काही मोठं शहाणपण सुचलं नव्हतं, नळी चिरली होती. पुढे त्या वीतभर कांड्यालाही चीर गेली, तर चिंधी बांधली, पण पुन्हा लांब नळी मी आणली नाही. लांबून माणसाचा राग तेवढा दिसतो, माणूस दिसत नाही."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?" खेमाजी डोळे पुसत, पण अजून थोडा चिडूनच म्हणाला.

"तू इतक्या हौसेनं ती पुढे ठेवलीस. तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी जीभ रेटेना." बाबांनी धोतरावरचा भुसा झटकला. "ती चूक माझी. माझ्या भिडेपायी कितीजण तसेच भांडत परत गेले, त्या पन्हळवाल्यांना आता पुन्हा बोलवायला हवं. पण आज भांडण तुझं होतं. आज गप्प बसणं जमलं नाही."

"त्याच्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला कुठून ठाऊक असणार? माझेच डोळे आता कुठे धड आहेत! पायरीवर तो ठेचकाळला तेव्हा मलाही वाटलं, पिऊन आलाय की काय." खेमाजीला त्याही स्थितीत हसू फुटले. इतकी वर्षे ज्या मौनात तो अथांग ज्ञान शोधत होता, त्यात निम्मे तर बाबांनाही ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होती ती फक्त नळीची लांबी.

आपल्याही घरातल्या, भावाभावांमधल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांमधल्या नळ्या आपण हौसेने किती लांब आणि किती देखण्या करून ठेवल्या आहेत, ते ज्याचे त्याने पाहावे.

उन्हे उतरली तेव्हा वहिनी उठली. अंगणात पडलेला नळीचा लांब तुकडा तिने उचलला, पदराने पुसला आणि बोचक्यात खोचला. दादा पायरीपाशी येऊन थांबला होता. या वेळी त्याचा हात बोचक्याच्या टोकावर नव्हता, खेमाजीच्या खांद्यावर होता.

"आता काम कसं करतोस?" खेमाजीने विचारले.

"चाचपून. लाटणी होत्यात. बाकीचं गिऱ्हाईक काही ना काही सांगून वाटंला लावतो. ही दोरी ओढती, पन तिचे खांदे आता ऱ्हायले न्हाईत. म्हनून म्हटलं, मोडावा खराद." खेमाजीच्या खांद्यावरची दादाची बोटे घट्ट झाली. "तू येत असशील तर न्हाई मोडत. दोरी मी ओढीन. दोरीला कुठं डोळे लागत्यात?"

खेमाजीने मागे वळून बाबांकडे पाहिले. बाबा वीतभर नळीतून विझत आलेल्या चिलमीचा शेवटचा धूर काढण्याची खटपट करीत होते. त्यांनी मानेनेच जा म्हणून खूण केली.

"पण दादा," खेमाजी म्हणाला, "माझा हात उलटा आहे."

"असू दे," दादा म्हणाला. "भोक सरळ गेलंय."

आणि तो त्याच्या खांद्याच्या आधाराने पायऱ्या उतरू लागला.